बाकावरच्या बाई

सोमवार, ३ फेब्रुवारी

आईनं आजपासून मला मावशीच्या हवाली केलं. "कॉलेज धड झालं नाही, आता निदान गाडी तरी धड चालव," असा आशीर्वाद दिला आणि दार लावून घेतलं. मी कॉलेज 'सोडलं', ते 'झालं नाही' असं नाही. पण आईशी शब्दांवरून भांडण्यात अर्थ नसतो.

मावशी आईची थोरली बहीण आणि आमच्या भागाची आमदार. मला कळायला लागल्यापासून ती आमदारच आहे. लहानपणी मला ते तिचं आडनाव वाटायचं. त्याआधी शाळेत शिकवायची, म्हणून अख्खं गाव तिला 'बाई' म्हणतं. विरोधी पक्षवाले भाषणात तिला शिव्या घालतात, त्यासुद्धा 'बाई' म्हणूनच.

सोमवार लोकांना भेटायचा दिवस. ऑफिस म्हणजे बसस्टँडमागच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीत एक टेबल, मावशी आणि तात्या. तात्या तिचे स्वीय सहायक. पहिल्या निवडणुकीपासून तिच्याबरोबर आहेत आणि बहुधा तेव्हापासूनच वैतागलेले आहेत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "लायसन आहे ना? की तेही मधेच सोडलंत?"

लोक येतात, रडतात, ओरडतात, आणि मावशी डोळे मिटून ऐकते. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "बाई, झोपलात का?" तर ही डोळे न उघडता म्हणते, "तुमच्या धाकट्यानं गटारावर ओटा बांधलाय, तेही सांगा की." म्हातारा चपला घालून गेला.

दुपारी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे गेलो. एका गल्लीत गढूळ पाणी येतंय आणि हा गृहस्थ कित्येक दिवस 'बघतो, बघतो' करतोय. मला वाटलं, आता आत जाऊन मावशी टेबल हाणणार. माझे हात तर शिवशिवत होते. तर ही केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. भिंतीला टेकवलेला, लोकांसाठीचा बाक. एकीकडे तान्हं मूल घेतलेली बाई, दुसरीकडे पेंगणारा ठेकेदार, मध्ये आमदार.

शिपाई धावत आला. "बाई, आत या ना. साहेब मला फाडून खातील."

"नाही खात. मी नंबरानं येईन."

बसली तशीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी इंजिनिअर स्वतः बाहेर आला, शर्ट अर्धा आत, अर्धा बाहेर. संध्याकाळी गल्लीत खोदकाम सुरू झालं, हे खरं. पण परत येताना मी बोललोच, "मावशी, आमदार आहेस तू. भीक मागायला आल्यासारखी बसतेस काय?"

"समोर बघून चालव," ती म्हणाली.

तात्या मागून म्हणाले, "शहाण्या, तो बाक म्हणजे तिची तोफ आहे. ती आत गेली तर तो चहा देईल आणि वाटेला लावेल. ती बाहेर बसली की येणारा-जाणारा विचारतो, बाई इथं का बसल्यात? मग त्याला बसवत नाही. पण तोफ रोज काढायची नसते. आणि ती लागेपर्यंत कुणी आवाज करायचा नसतो."

पटलं नाही. मला तर तो म्हातारपण लपवायचा प्रकार वाटतो.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज तिला पाहिलं.

मावशी गुरुवारी इस्पितळात जाते. तिथला बाळंतपणाचा वॉर्ड तिनं पहिल्यांदा निवडून आल्यावर आणला. त्याआधी अडलेल्या बायकांना टेम्पोत घालून टेकडीपलीकडच्या शहरात न्यायचे. काही वाटेतच जायच्या. आईचं पहिलं मूल असंच वाटेत गेलं. टेम्पोत आईचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं म्हणे. आई हे कधी बोलत नाही, मला आजीकडून कळलं. मी मात्र या वॉर्डात झालो आणि मावशी ते तिथल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. "हा इथलाच. पायाळू होता, तेव्हापासून उलटाच वागतो."

हे तिच्यासमोर सांगितलं! तिला सगळे धाकट्या सिस्टर म्हणतात. बाही दुमडलेली, खिशात कात्री, आणि हसू असं की ओठांच्या एकाच बाजूला येतं आणि तिथंच थांबतं. मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. पण मावशी डॉक्टरांकडे वळली तेव्हा ती आपण होऊन माझ्याशी बोलली. "तुम्ही बाईंची गाडी चालवता ना? टेकडीपलीकडं जाणं होतं का हो तुमचं? रस्ता कसाय आता?"

मी म्हणालो, वाईट आहे. ती विचारात पडली.

एवढ्या लोकांत तिनं मलाच विचारलं.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

डोकं फुटायची वेळ आली आहे. वॉर्ड हलवणार! डॉक्टर, सिस्टर, खाटा, सगळा पसारा टेकडीपलीकडच्या नव्या इस्पितळात. ते शहर आरोग्यमंत्र्याचं. तो आपल्याच पक्षाचा, मावशीला 'ताई' म्हणतो. सभागृहात कसं बोलायचं हे त्याला हिनंच शिकवलं होतं. आणि आता हिच्याच ताटातलं ओढतोय.

म्हणजे आमच्या बायका पुन्हा टेम्पोत. आणि म्हणजे तीही तिकडे जाणार.

मी म्हणालो, "मोर्चा काढू. पोरं मी जमवतो. रस्ता अडवू."

मावशी औषधाची गोळी पाण्याबरोबर गिळत होती. म्हणाली, "मोर्च्यानं फोटो येतो. वॉर्ड येत नाही."

"मग काय करणार? बाकावर बसणार?"

"बघू."

तात्यांनी मला बाहेर नेलं आणि समजावलं, म्हणजे झापलं. निवडणूक तोंडावर आली आहे. मावशीचं तिकीट अजून पक्कं नाही. मंत्र्याला ही जागा आपल्या भावजयीसाठी हवी आहे, हे पक्षात सगळ्यांना माहीत आहे. उघड मागता येत नाही, कारण बाईंना डावलून दुसरीला दिलं तर गावात कुणी प्रचाराला पाय ठेवू देणार नाही. "ती स्वतःहून बाजूला होत नाही तोवर त्याचे हात बांधलेले आहेत. आणि ती होणार नाही. तेव्हा तू आग लावू नकोस."

मी आग लावत नाही. मी फक्त गप्प बसत नाही.


शनिवार, १५ फेब्रुवारी

इस्पितळाच्या फाटकाशी ती भेटली. (मी तिथून जात होतो. वळसा घालून.) तिनं विचारलं, "ऑर्डर निघाली का हो? बाईंकडे काही कळतं का? तिकडे सिस्टर लोकांना राहायला खोल्या देणार म्हणतात, खरंय?"

आवाजात केवढी धास्ती होती. मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. मी तुम्हाला इथून हलू देणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग "उशीर होतोय" म्हणून गेली. लाजली.


सोमवार, २४ फेब्रुवारी

राजधानी. अधिवेशन सुरू झालं. आमदार निवासात मावशीची खोली वर्षानुवर्षं तीच. दोन खाटा, एक कपाट, त्याचं दार उघडलं की मिटत नाही आणि मिटलं की उघडत नाही. मी व्हरांड्यात झोपतो.

आज प्रेक्षक सज्जात बसून पहिल्यांदा सभागृह पाहिलं. मला वाटलं होतं, इथं काहीतरी पेटतं. एक जण मधमाश्यांवर बोलत होता आणि उरलेले फोन बघत होते. मावशी पहिल्या रांगेत, पाठ ताठ. वॉर्डाबद्दल तिची लक्षवेधी होती. म्हणजे मंत्र्याचं लक्ष एखाद्या विषयाकडे वेधायचं आणि त्यानं उठून उत्तर द्यायचं. तिचा नंबर येता येता वेळ संपली. अध्यक्षांनी घंटी वाजवली, उद्या घेऊ म्हणाले. तात्या म्हणाले, उद्याही संपेल. वेळ संपवायची पण एक कला असते.

खोलीवर आल्यावर तिनं बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडले. घोटे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. जिना चढताना ती हल्ली आडवी चढते, खेकड्यासारखी, आणि कुणी येताना दिसलं की थांबून भिंतीवरचे फोटो बघितल्याचं सोंग करते.

"दमलीस मावशी," मी म्हणालो.

"दमलेय तर काय. पण दमणं हे काही कारण नव्हे."


बुधवार, २६ फेब्रुवारी

लक्षवेधी काल संपलेल्या वेळेत गेली, आज पुढच्या आठवड्यात ढकलली. मावशी सभागृहातून उठली, लिफ्टनं वर गेली आणि मंत्र्याच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली.

बसण्याआधी मला म्हणाली, "तू बोलायचं नाहीस. कुणी काही म्हटलं तरी नाही. पाणी मागितलं तर द्यायचं."

"आणि त्यांनी तुझा अपमान केला तर?"

"माझा आहे ना? मग मी बघेन."

मंत्र्याचा एक खासगी सचिव आहे. बूट चकचकीत, केस चकचकीत, दातसुद्धा. मी त्याचं नाव चकचकीत ठेवलंय. तो आला, "ताई, हे काय, आत चला."

"नंबरानं येईन."

"तुम्हाला कसला नंबर?"

"या आजोबांच्या नंतरचा." शेजारी एक आजोबा नातवाच्या ऑपरेशनसाठी आले होते. ते घाबरून उभेच राहिले. मावशीनं त्यांना हात धरून खाली बसवलं.

दिवसभर बसली. संध्याकाळी कळलं, मंत्री मागच्या दारानं निघून गेला.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज दुसरा दिवस. आणि आज जरा विचित्रच झालं. येणारे-जाणारे थांबायला लागले. विरोधी पक्षाचा एक जाडजूड आमदार आला, काही न बोलता मावशीशेजारी बसला, घाम पुसला, "गुडघे कसे आहेत?" विचारलं, "तुमच्यासारखेच," ती म्हणाली, मग तो उठून गेला. त्याच्यानंतर दुसरा. मग दोन आमदार बायका. कुणी काही बोलत नाही, घोषणा नाहीत. नुसते येतात, बसतात, जातात. पत्रकार लांब उभे राहून बघत होते.

आतून चहा आला. मावशीनं तो रांगेतल्या एका बाळंतिणीच्या आईला दिला.

संध्याकाळी चकचकीत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची चकाकी जरा उतरली होती. खाली वाकून हळूच म्हणाला, "ताई, उद्या दुपारी साहेब स्वतः बाहेर येतील. स्थगितीचा कागद घेऊनच. फक्त पत्रकारांना आज काही बोलू नका."

मावशी म्हणाली, "मी कुणालाच काही बोलले नाहीये."

तात्या खोलीवर आल्यावर चक्क शीळ घालत होते. मला या उद्याच्या वायद्यांचा कंटाळा आला आहे. कालही उद्याच होतं.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आजचं अक्षर खराब येणार.

सकाळी तिचा मेसेज आला. 'ऑर्डरचं काय झालं? प्लीज सांगा. इथं जीव टांगणीला लागलाय.' मी तो किती वेळा वाचला असेल देवाला ठाऊक. तिचा जीव टांगणीला, आणि मी हातात पाण्याची बाटली धरून खांबासारखा उभा.

दुपार झाली. दालनाचं दार उघडलं. मंत्री दिसला, कोटाचं बटण लावत होता, हातात कागद. पण त्याच्या पुढं चकचकीत बाहेर आला आणि सोबतच्या माणसाला म्हणाला, अगदी हळू, पण मला ऐकू गेलं, "म्हातारीला बाकाची सवय झाली म्हणायची. बरंय, निवडणुकीनंतर घरी पण एक टाकून देऊ."

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती. मी ओरडत होतो. काय ओरडलो ते नंतर टीव्हीवर ऐकलं, इथं लिहिण्यासारखं नाही. ट्रे पडला, कप फुटले, त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. सगळीकडे फोन वर झाले. मंत्र्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि दार आतून लावलं.

सुरक्षारक्षकांनी मला धरलं तेव्हा मी मावशीकडे बघितलं. ती उठत होती. बाकाचा हात धरून, हळूहळू. मला वाटलं, रागावेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. तिनं सगळ्यांना बाजूला केलं, दार ठोठावलं आणि नंबर सोडून आत गेली.

मला खालच्या खोलीत बसवून ठेवलं. सरकारी कामात अडथळा, मारहाण, आत जाशील पोरा, असं एक जण सांगत होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि म्हणाले, जा. तक्रार नाही.

वर गेलो तर मंत्री स्वतः मावशीला लिफ्टपर्यंत सोडायला आला होता. तिचा कोपर धरून, एकदम अदबीनं. चेहरा असा फुललेला, जणू त्याचाच सत्कार झालाय. चकचकीतसुद्धा डोक्याला रुमाल लावून हसत होता.

घाबरले! एका कॉलरीनं सगळे वठणीवर आले. मला हे आधीच करायला हवं होतं.


शनिवार, १ मार्च

टीव्हीवर दिवसभर मीच. 'आमदारांच्या भाच्याची गुंडगिरी.' आईचा फोन आला, ती नुसती रडली. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. काल त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही माझ्याकडे न बघता. "दार उघडलं होतं. कागद हातात होता."

"तात्या, त्या कागदावर तुमचा विश्वास होता?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि खोलीबाहेर गेले.

मावशीनं एवढंच म्हटलं, "हाताला लागलंय का बघू." कपाची काच लागली होती. तिनं स्वतः औषध लावलं. शाळेतल्या मुलाला लावावं तसं, फुंकर मारत.

"तू आत काय बोललीस?" मी विचारलं.

"माफी मागितली."

"का? मी का नाही मागायची? आणि माफी कशाला?"

"हलवू नको हात."


गुरुवार, ६ मार्च

जिंकलो!!! सभागृहात मंत्र्यानं स्वतः उठून सांगितलं, वॉर्ड आहे तिथंच राहील. शिवाय भूल देणारा डॉक्टर कायमचा मिळणार. बाकं वाजली. मी सज्जात उभा राहून टाळ्या वाजवल्या, मला बाहेर काढलं, तरी बाहेर वाजवल्या.

दोन दिवस बसून जे झालं नाही ते एका मुठीनं झालं. मी तात्यांना हे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हे कानाखाली ठेवून देतात. पण मावशी तिथंच होती. ती म्हणाली, "तात्या, आपलं ठरलंय ना." काय ठरलंय ते मला कुणी सांगितलं नाही.


शुक्रवार, ७ मार्च

मावशी निवडणूक लढवणार नाही.

पत्रकारांना सांगितलं, "प्रकृतीच्या कारणास्तव. आता नव्या माणसांना संधी मिळायला हवी." वाचून दाखवल्यासारखं, एका सुरात. संध्याकाळपर्यंत मंत्र्याच्या भावजयीचं नाव जाहीर झालं.

मी खोलीत जाऊन भांडलो. "आत्ता? जिंकल्यावर? आज तू उभी राहिली असतीस तर दगड फोडून मतं आली असती!"

"गुडघे चालत नाहीत रे."

शेवटी म्हातारीनं कबूल केलं. मला वाईट वाटलं, पण समजूही शकतो. माणूस दमतं. आयुष्यभर बाकांवर बसून दमणारच.

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस, म्हणून सभागृहात तिला बोलायला वेळ दिला होता. सगळ्यांना वाटलं, आठवणी सांगेल, डोळे पुसेल. तिनं विचारलं, वॉर्डातल्या जनरेटरचं डिझेल कोणत्या खात्यातून येणार? मंत्र्यानं उत्तर दिलं. "लेखी द्याल?" म्हणाली. "देतो." "आभारी आहे," आणि बसली. संपलं. एवढ्या वर्षांचा शेवट डिझेलवर.


शनिवार, ८ मार्च

घरी आल्या आल्या इस्पितळात गेलो. ती औषधांची ट्रॉली ढकलत होती. मी म्हणालो, "वॉर्ड कुठंही जात नाही. तुम्हीही नाही."

तिला बातमी कळली होती. ती ट्रॉलीला धरून उभी राहिली, डोळे भरून आले. "टीव्हीवर बघितलं तुम्हाला," म्हणाली. "का केलंत एवढं?"

मी काय सांगणार? म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे."

ती रडायलाच लागली. मोठ्या सिस्टर आल्या म्हणून मला निघावं लागलं. एवढं कुणी माझ्यासाठी आजवर रडलेलं नाही. आई सोडून.


शुक्रवार, २१ मार्च

ती गेली.

आज सांगितलं, फाटकाशी, सगळ्यांसमोर, अगदी सरळ. टेकडीपलीकडे तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा तिथं शाळेत शिकवतो. वॉर्ड तिकडे गेला असता तर ती वॉर्डाबरोबर गेली असती, नोकरीही कायम झाली असती, राहायला खोली मिळाली असती. म्हणून तर ती सारखी विचारत होती. आता राजीनामा देऊन जातेय. तिकडे जागा नाही, म्हणून सध्या घरीच बसेल.

"तुमची चूक नाही," म्हणाली. "तुम्हाला वाटलं ते तुम्ही केलंत. इथल्या बायकांसाठी चांगलंच झालं. फक्त मला एकदा विचारलं असतंत तर."

विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तिनं मला किती प्रश्न विचारले, मी तिला एकही नाही.

मग हसली. एकाच बाजूला.

आयुष्यात पहिल्यांदा मला भांडावंसं वाटलं नाही. नुसतं खाली बसावंसं वाटलं, तिथंच, फाटकात.


रविवार, २३ मार्च

भावजयबाईंची पहिली सभा होती. मावशीनं त्यांची ओळख करून दिली. "या तुमच्या उमेदवार. यांना कामं सांगा, पाठ सोडू नका." बस. टाळ्या मावशीला पडल्या. भावजयबाईंना एका गल्लीचं नाव येईना, मावशीनं मागून हळूच सांगितलं. खाली उतरताना मंत्री पायऱ्यांशी उभा होता. हात जोडून म्हणाला, "ताई, शब्दाला जागलात." मावशी म्हणाली, "तुम्हीही जागा."

मला वाटतं, प्रचाराला यायचा शब्द दिला असेल.

परत येताना मावशी मागं, तात्या माझ्या शेजारी. मी दोन दिवस जेवलो नव्हतो, आईनं तिला सांगितलं असणार. टेकडीचा फाटा आला, तिकडचा रस्ता दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वॉर्ड गेला असता तर बरं झालं असतं."

"गाडी थांबव."

थांबवली. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. आरशात दिसत होती. एवढ्या दिवसांत मी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"काल त्या वॉर्डात एक पोर आली," ती म्हणाली. "तिकडच्या खोऱ्यातून, चालत. रक्त थांबत नव्हतं. आज सकाळी मी बघून आले, बसून भात खात होती. आता पुन्हा बोल."

मी बोलायला लागलो आणि थांबता येईना. सगळं सांगितलं, रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, लहान मुलासारखं. सिस्टर, मेसेज, लग्न, सगळं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "कॉलेज गेलं. ती गेली. एक वॉर्ड वाचवला, तो तिला नकोच होता. मी कुणाच्या कामाचा आहे का मावशी? काय केलं मी?"

तात्या गर्रकन वळले. कान लाल झाले होते. "सांगू? सांगू काय केलंस? अरे गाढवा, तुझ्यामुळं या बाईनं..."

"तात्या."

मोठ्यानं नाही म्हणाली. पण तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

मावशीनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड होता, दमलेल्या माणसाचा असतो तसा.

"वॉर्ड वाचवलास," ती म्हणाली. "तूच. एवढं पुष्कळ आहे. आता चल, मला झोप येतेय."

मी गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत ती खरंच झोपली होती, तोंड थोडं उघडं टाकून. तात्या उतरले आणि चालू लागले. त्यांचे डोळे हल्ली सारखे पाणावतात, कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं.

तिला उठवायला जीव होईना. बराच वेळ गाडीतच बसून राहिलो. पण बरं वाटत होतं. मावशीनं आजवर कुणाची खोटी स्तुती केल्याचं मी ऐकलेलं नाही.